तलावातील आक्रमक जलप्रजाती: काम कोणत्या क्रमाने करावे

तलावावर जलपर्णी दिसू लागली की बहुतेक ठिकाणी सारखेच घडते. सुट्टीच्या दिवशी पन्नास-शंभर माणसे जमतात, दिवसभर राबून हिरवा थर पाण्याबाहेर ओढतात, काठावर त्याचे ढीग रचतात आणि समाधानाने परततात. दोन-तीन महिन्यांत तलाव पुन्हा झाकला जातो. अशा वेळी श्रम कमी पडले असे मानले जाते, परंतु बहुतेकदा चूक क्रमात असते. वनस्पती उपसणे हे या कामाच्या मध्यावर येणारे पाऊल आहे. त्याआधी ओळख, पाहणी आणि बंदोबस्त झालेला असावा लागतो, आणि त्यानंतरची देखरेख उपशापेक्षा कितीतरी जास्त काळ चालवावी लागते. पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत आणि आधीची तपासणी पूर्ण झाल्याखेरीज पुढे जाऊ नये.

टप्पा 1: प्रजाती नेमकी ओळखा

पाण्यात पाय ठेवण्यापूर्वी, समोर दिसणारी वनस्पती किंवा प्राणी कोणता आहे हे ठरवावे. वनस्पतीचे छायाचित्र घेताना संपूर्ण रोप, पानाच्या दोन्ही बाजू, देठ, मुळे आणि असल्यास फूल असे वेगवेगळे फोटो घ्यावेत व आकाराचा अंदाज येण्यासाठी शेजारी मोजपट्टी ठेवावी. हे फोटो वनस्पतिशास्त्राच्या जाणकाराला दाखवून नाव पक्के करून घ्यावे.

ढोबळ ओळखीसाठी काही खुणा उपयोगी पडतात. जलपर्णीचे देठ फुगीर व आतून स्पंजासारखे असतात आणि फुले फिकट जांभळी असतात. पिस्टियाची मखमली, ठळक शिरांची पाने कोबीच्या गड्ड्यासारखी एका केंद्राभोवती उमलतात. साल्व्हिनियाच्या तरंगत्या पानांवर बारीक केस असतात आणि त्यांची टोके एकमेकांना जुळून लहानसा पिंजरा तयार होतो. अ‍ॅलिगेटर वीड या वनस्पतीचे खोड पोकळ असते आणि लांब दांड्यावर पांढरी, गोलसर फुले येतात.

हा टप्पा टाळला तर काय होते, याचे ठळक उदाहरण साल्व्हिनियाचेच आहे. अनेक वर्षे ही वनस्पती जवळच्या दुसऱ्या जातीची समजली जात होती, आणि त्या दुसऱ्या जातीवरून गोळा केलेले सोंडकिडे (वनस्पती खाऊन तिचा नाश करणारे लहान भुंगे) तिच्यावर सोडले गेले. त्यांचा उपयोग झाला नाही. 1972 मध्ये तिचे साल्व्हिनिया मोलेस्टा या नावाने स्वतंत्र वर्णन झाले, तिचे मूळ ठिकाण आग्नेय ब्राझीलमध्ये सापडले, आणि तिथून आणलेला योग्य सोंडकिडा 1980 मध्ये ऑस्ट्रेलियातील मूनडारा तलावात सोडल्यावर पुढील साधारण वर्षभरात तेथील दाट थर नष्ट झाला.

नावाबरोबर ती वनस्पती कशी वाढते हेही नोंदवावे, कारण पुढची सारी पद्धत त्यावरच ठरते. साल्व्हिनिया मोलेस्टा वंध्य आहे. ती केवळ तुकड्यांतून वाढते, म्हणून तिच्या बाबतीत एकही तुकडा न सोडणे हेच काम असते. अ‍ॅलिगेटर वीडच्या खोडाचे एक पेर शिल्लक राहिले तरी नवे रोप उभे राहते. जलपर्णी मात्र आडव्या धुमाऱ्यांनीही पसरते आणि बियांनीही. तिचे बी तळाच्या गाळात 20 वर्षांपर्यंत जिवंत राहू शकते, त्यामुळे पृष्ठभाग स्वच्छ झाला म्हणजे ती संपली असे होत नाही.

सावधान: दाट वाढते म्हणून एखादी वनस्पती परकी ठरत नाही. हायड्रिला उत्तर अमेरिकेतील तलावांत मोठी आक्रमक प्रजाती आहे, परंतु आशियात ती मूळची आहे आणि तेथील माशांना व पाणपक्ष्यांना तिचा आधार असतो. स्थानिक पाणवनस्पती उपटून टाकल्यास मोकळी झालेली जागा आक्रमक प्रजातीच घेते.

टप्पा 2: पाहणी, नकाशा आणि परवानगी

तलावाचा साधा नकाशा काढून त्यावर पाण्याची प्रत्येक आवक, सांडवा, नावा लावण्याच्या जागा, माणसे व जनावरे पाण्यात उतरतात ते घाट आणि सांडपाणी मिसळते ती ठिकाणे दाखवावीत. त्यानंतर काठाने पायी आणि शक्य असल्यास होडीतून पूर्ण फेरी मारून आक्रमक प्रजातीचा प्रत्येक पट्टा नकाशावर नोंदवावा. आडोशाची वळणे, पुलाखालच्या जागा आणि वेताच्या किंवा गवताच्या दाटीत अडकलेली रोपे हमखास नजरेतून सुटतात, म्हणून तिथे थांबून पाहावे. पाण्याखालच्या वनस्पतींसाठी दोरी बांधलेले दुहेरी दाताळे ठरावीक अंतरावर फेकून तळावरून ओढावे आणि काय वर येते ते लिहून ठेवावे.

पाहणी तलावापुरती मर्यादित ठेवू नये. आवक ओढ्याच्या काठाने वर चालत जाऊन, वरच्या बाजूच्या डबक्यांत किंवा तळ्यांत तीच वनस्पती आहे का, हे पाहावे. माझ्या मते सर्वाधिक मोहिमा इथे फसतात, कारण तलाव कितीही स्वच्छ केला तरी वरून रोज नवी रोपे वाहत येत राहतात.

एका हेक्टरवरील दाट जलपर्णीचे ओले वजन 200 टनांहूनही अधिक असू शकते आणि त्यातील सुमारे 95 टक्के भाग पाणीच असते. किती माणसे, किती वाहने आणि टाकण्यासाठी किती जागा लागेल, याचा अंदाज या आकड्यावरून बांधावा.

तलाव कोणत्या यंत्रणेच्या ताब्यात आहे ते शोधून तिची लेखी परवानगी याच टप्प्यावर घ्यावी. पक्ष्यांच्या विणीचा हंगाम असल्यास घरटी असलेले पट्टे नकाशावर वेगळे दाखवून तूर्त वगळावेत.

तपासणी: वनस्पतीचे नाव पक्के झाले आहे का? आवक प्रवाह वरपर्यंत पाहिला आहे का? परवानगी हातात आहे का? तिन्ही उत्तरे होकारार्थी असतील तरच पुढे जावे.

टप्पा 3: येण्याच्या वाटा बंद करा

आक्रमक प्रजाती स्वतःहून क्वचितच नव्या तलावात पोहोचतात. त्यांना नावा, जाळी, बूट, मत्स्यबीजाच्या पिशव्या आणि घरातील काचेच्या टाक्या तिथे नेतात. या वाटा उघड्या असताना उपसा सुरू करणे म्हणजे गळक्या होडीतले पाणी छिद्र न बुजवता उपसत राहणे होय.

पाण्यातून बाहेर आलेल्या प्रत्येक वस्तूसाठी पाहा, धुवा, वाळवा हा क्रम सक्तीचा करावा.

पाहा: नावेचा तळ, वल्ही, इंजिनाचा पंखा, नांगराची दोरी, जाळ्यांच्या गाठी, बुटांचे तळवे आणि नाव वाहून नेणाऱ्या गाडीची चाके हाताने चाचपून पाहावीत व चिकटलेले प्रत्येक पान, तुकडा आणि चिखल तिथेच काढावा. गुळगुळीत असायला हवा तो पृष्ठभाग वाळूच्या कागदासारखा खरखरीत लागला, तर त्यावर झेब्रा शिंपल्यांसारख्या चिकटणाऱ्या शिंपल्यांची लहान पिल्ले असण्याची शक्यता धरावी.

धुवा: नावेत साचलेले पाणी, बादल्या आणि मासे ठेवण्याच्या पेट्या तलावापासून दूर, कोरड्या जमिनीवर रित्या कराव्यात. या शिंपल्यांच्या अळ्या इतक्या सूक्ष्म असतात की त्या डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून स्वच्छ दिसणारे पाणीही निर्धोक मानू नये. जाळी, बूट आणि कपडे सुमारे 45 अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात 15 मिनिटे बुडवून ठेवावेत. नावेसाठी 60 अंशांचे पाणी वापरावे आणि ते प्रत्येक भागाला किमान 10 सेकंद लागेल असे पाहावे. इतक्या गरम पाण्याने भाजते, म्हणून हातमोजे घालावेत आणि मुलांना दूर ठेवावे.

वाळवा: वस्तू हाताला पूर्ण कोरडी लागू लागल्यानंतर आणखी किमान 48 तास वापरू नये. शिंपल्यांचा प्रादुर्भाव असलेल्या पाण्यातून आलेली नाव किमान 5 दिवस वाळवावी आणि दमट हवेत हा काळ वाढवावा. गुंडाळलेले जाळे आतून ओले राहते, त्यामुळे ते पसरूनच वाळवावे.

मत्स्यबीज सोडायचे असल्यास पिशवी थेट पाण्यात उलटी करू नये. बीज आधी पांढऱ्या तळाच्या परातीत घेऊन त्यात भलत्या जातीची पिल्ले, गोगलगायी किंवा वनस्पतींचे तुकडे नाहीत याची खात्री करावी, मग ते जाळीने उचलून सोडावे आणि पिशवीतील पाणी जमिनीवर ओतावे. गळाला लावण्यासाठी आणलेले व उरलेले जिवंत आमिषही पाण्यात सोडू नये.

पाळीव प्राण्यांची वाट सर्वांत दुर्लक्षित राहते. लाल कानाचे कासव, भिंतीला चिकटून राहणारा सकर मासा, शोभेच्या पाणवनस्पती हे सारे घरी नकोसे झाल्यावर दयेपोटी तलावात सोडले जातात. सकर मासा काठात बिळे करतो आणि त्यामुळे काठ ढासळतात. ज्यांना असा प्राणी ठेवणे शक्य नाही, त्यांनी तो विक्रेत्याला किंवा सांभाळू शकणाऱ्या दुसऱ्या व्यक्तीला द्यावा. तलावाच्या फलकावर केवळ मनाई लिहून भागत नाही, प्राणी कोठे द्यावा हेही लिहावे लागते.

सावधान: डास खातात म्हणून गॅम्बुसिया मासे सोडण्याचा मोह अनेकांना होतो. मूळचा अमेरिकेतील हा मासा स्थानिक माशांची अंडी, पिल्ले आणि बेडकांचे डिंभ खातो. एका त्रासावर उपाय म्हणून दुसरी परकी प्रजाती पाण्यात सोडू नये.

टप्पा 4: आहे तिथे रोखून धरा

मोकळे पाणी आणि भरपूर पोषकद्रव्ये मिळाल्यास जलपर्णीचा विस्तार एक ते दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकतो. दोन आठवड्यांचा हिशेब धरला तरी ती दररोज सुमारे 5 टक्क्यांनी वाढते. तलावात 10 हेक्टर जलपर्णी असेल तर आहे तेवढीच राहावी एवढ्यासाठीच रोज अर्धा हेक्टर, म्हणजे 100 टनांहून अधिक ओला माल बाहेर काढावा लागेल. हा हिशेब समजला की उपशाआधी तिचा पसारा का अडवावा, हे वेगळे सांगावे लागत नाही.

आवक ओढ्याच्या मुखाशी तरंगता अडसर लावावा. बंद तोंडाच्या रिकाम्या पिंपांची किंवा प्लॅस्टिकच्या नळ्यांची माळ आणि तिच्याखाली हातभर लोंबणारी मजबूत जाळी एवढ्यावर हे काम भागते. अडसर प्रवाहाला काटकोनात न लावता तिरका लावावा, म्हणजे वाहून आलेली रोपे एका काठाला सरकतात आणि तिथून रोज उचलता येतात. असाच दुसरा अडसर सांडव्यापूर्वी लावावा, कारण खालच्या गावांच्या पाण्याची जबाबदारीही आपलीच आहे.

तलावातील तरंगता थर वाऱ्याबरोबर सरकतो. वारा त्याला एका बाजूला लोटेल त्या दिवसाची वाट पाहून मागून अडसर ओढून घ्यावा. पसरलेला थर असा एका कोपऱ्यात कोंडला की पुढचे काम निम्म्याने हलके होते.

तपासणी: अडसर लावल्यानंतर दोन दिवस त्याच्या खालून आणि दोन्ही टोकांनी रोपे निसटत नाहीत ना, हे पाहावे. पाण्याची पातळी वाढली की दोर पुन्हा सैल किंवा ताठ करावे लागतात.

टप्पा 5: काढणी

काढणी फुले येण्यापूर्वी आणि पुराचे दिवस सुरू होण्यापूर्वी करावी. सुरुवात वरच्या बाजूच्या ओढ्यातील पट्ट्यांपासून करून तलावाच्या दिशेने यावे. तलावात आधी दूरचे, लहान, विरळ पुंजके काढावेत आणि कोंडलेला मोठा थर शेवटी घ्यावा. माणसांचा ओढा नेमका उलट असतो, कारण मोठा ढीग निघाल्याचे समाधान लगेच मिळते. परंतु कोंडलेल्या थराला पसरायला जागाच नसते, आणि लांबचे चार पुंजके दुर्लक्षित राहिल्यास महिन्याभरात तेच नवे मोठे थर होतात.

रोपे मुळांसह, अखंड उचलावीत. हाताने किंवा दाताळ्याने ओढताना तुकडे पडू लागले तर खालून जाळी सरकवून उचलावे. प्रत्येक गटात दोन माणसांचे काम केवळ निसटलेले तुकडे हातजाळीने वेचणे हेच असावे आणि त्यांना इतर कामाला लावू नये. थर कापून बारीक करणारी यंत्रे तुकड्यांतून वाढणाऱ्या प्रजातींवर अजिबात वापरू नयेत.

पाण्याखालची आक्रमक वनस्पती उपटताना गाळ ढवळून पाणी गढूळ होते आणि तुकडे दिसेनासे होतात. अशा वेळी आधी पट्ट्याभोवती बारीक जाळीचे कुंपण करावे, आत सावकाश काम करावे आणि गाळ बसल्यावर आतले तुकडे वेचूनच कुंपण काढावे.

पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येकाने तरंगजाकीट घालावे आणि जोडीनेच काम करावे. दाट थराखाली पाण्याची खोली समजत नाही, आणि थरात साप असू शकतात. हातापायाला उघडी जखम असलेल्याने काठावरचे काम घ्यावे.

रसायनांबद्दल थोडक्यात: तणनाशकाचा विचार केवळ संबंधित यंत्रणेच्या परवानगीने, प्रशिक्षित व्यक्तीच्या हातून आणि जलाशयासाठी मान्य असलेल्या मिश्रणानेच करावा. शेतात वापरायच्या काही मिश्रणांतील सहायक द्रव्ये बेडकांना व माशांना घातक असतात. सर्वांत मोठी चूक म्हणजे संपूर्ण तलावावर एकदम फवारणी करणे. मेलेला थर तळाशी कुजतो, पाण्यातील विरघळलेला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. फवारणी करावीच लागली तर एका वेळी तलावाचा जास्तीत जास्त एक तृतीयांश भाग घ्यावा आणि पुढच्या भागापूर्वी किमान दोन आठवडे थांबावे. प्राणवायू पहाटे सर्वांत कमी असतो, म्हणून मोजमाप तेव्हाच करावे आणि तो लिटरमागे 5 मिलिग्रॅमच्या खाली असल्यास काम थांबवावे.

गवत्या मासा सोडावा असाही सल्ला दिला जातो. हा मासा पाण्याखालच्या मऊ वनस्पती आधी संपवतो, आणि त्या बहुतेकदा स्थानिक असतात. जलपर्णीकडे तो सहसा वळत नाही. जलपर्णीवरील सोंडकिडे मात्र परीक्षित उपाय आहेत आणि व्हिक्टोरिया सरोवरात त्यांचा मोठा उपयोग झाला, परंतु त्यांचा परिणाम दिसायला काही वर्षे लागू शकतात आणि ते सोडण्याचा निर्णय संशोधन संस्थेनेच घ्यावा.

टप्पा 6: काढलेल्या मालाची विल्हेवाट

काठावर रचलेला ढीग ही हमखास दिसणारी चूक आहे. पहिल्या मोठ्या पावसात तो पुन्हा पाण्यात जातो, आणि तोवर त्यातून झिरपणारा रस तलावातील पोषकद्रव्ये वाढवत राहतो. माल उच्चतम पूररेषेच्या वर, उतार तलावाकडे नसलेल्या जागी न्यावा. नेताना वाहनावर ताडपत्री बांधावी आणि माल उतरवल्यावर वाहन धुवावे.

माल पातळ थरात पसरून मुळे कुरकुरीत होईपर्यंत वाळवावा. जाड ढिगाच्या पोटात रोपे कित्येक दिवस हिरवी राहतात. कंपोस्ट करायचे असल्यास ढिगाचे तापमान 15 दिवस 55 अंश सेल्सिअसच्या वर राहील आणि त्या काळात ढीग किमान 5 वेळा उलटला जाईल असे पाहावे, कारण थंड ढिगात बी मरत नाही.

सावधान: जलपर्णी शिसे, कॅडमियम, क्रोमियम यांसारखे जड धातू शोषून घेते. तलावात कारखान्यांचे पाणी येत असेल तर प्रयोगशाळेतील तपासणीशिवाय तिचे खत खाद्यपिकांना घालू नये आणि ती जनावरांनाही खायला देऊ नये.

टप्पा 7: प्राण्यांसाठी वेगळी तयारी

माशांच्या बाबतीत संपूर्ण उच्चाटन फार क्वचित साधते, म्हणून संख्या कमी ठेवणे हेच उद्दिष्ट धरावे. पकडलेला परका मासा पुन्हा पाण्यात सोडू नये. तो दुसऱ्या जलाशयात जिवंत नेणेही टाळावे. कासवे पकडण्यासाठी उन्हात बसायला फळी असलेला तरंगता सापळा उपयोगी पडतो, परंतु स्थानिक कासव अडकल्यास ते लगेच सोडता यावे म्हणून तो दिवसातून किमान दोनदा पाहावा.

सोनेरी अ‍ॅपल गोगलगायीची अंडी गडद गुलाबी असतात आणि ती पाण्याच्या पातळीच्या वर, खोडांवर किंवा भिंतींवर पुंजक्यांनी चिकटलेली असतात. एका पुंजक्यात शेकडो अंडी असू शकतात, त्यामुळे दर आठवड्याला काठ फिरून ती खरवडून चिरडणे हा सोपा व परिणामकारक उपाय आहे. हातमोज्यांशिवाय गोगलगायींना किंवा अंड्यांना हात लावू नये.

टप्पा 8: देखरेख आणि नवी चाहूल

काढणीनंतर पाण्यात फक्त 10 रोपे राहिली आणि ती दर दोन आठवड्यांनी दुप्पट होत गेली, तर 20 आठवड्यांनी त्यांची संख्या 10,000 च्या वर जाते. म्हणून पहिले सहा महिने दर आठवड्याला आणि नंतर दर पंधरवड्याला पूर्ण फेरी असावी, आणि दिसलेले प्रत्येक रोप त्याच फेरीत उचलावे. पाणी ओसरताना उघडा पडणारा ओलसर गाळ विशेष काळजीने पाहावा. जलपर्णीचे बी तिथेच रुजते आणि कोवळी रोपे इतकी लहान असतात की गवत समजून सोडली जातात.

तलावात मैलापाणी व खतांचा निचरा येत राहिल्यास ही फेरी कधीच थांबवता येणार नाही. नायट्रोजन आणि फॉस्फरसची आवक कमी करण्याचा पाठपुरावा पहिल्या दिवसापासून समांतर चालू ठेवावा. तरंगता थर गेल्यावर तळापर्यंत ऊन पोहोचते आणि काही काळ शेवाळ वाढू शकते. त्याला घाबरून पुन्हा रसायनाकडे वळण्याऐवजी काठावर व उथळ पाण्यात स्थानिक पाणवनस्पतींना जागा धरू द्यावी.

प्रत्येक फेरीची तारीख, फेरी मारणाऱ्यांची नावे, सापडलेल्या रोपांची संख्या आणि ठिकाण एकाच वहीत लिहावे. काहीच सापडले नाही तर तेही लिहावे, कारण नवी प्रजाती नेमकी केव्हा आली हे अशा कोऱ्या नोंदींवरूनच कळते.

फेरीत अनोळखी प्रजाती दिसल्यास ती लगेच उपटू नये. फोटो घ्यावेत, जागा काठी रोवून किंवा तरंगता गोळा बांधून चिन्हांकित करावी, तिच्या आसपास नावा नेणे थांबवावे, संबंधित यंत्रणेला कळवावे आणि पुन्हा टप्पा 1 पासून सुरुवात करावी. त्या दिवशी पाण्यात गेलेली प्रत्येक नाव, जाळे आणि बुटांचा जोड धुऊन वाळल्याखेरीज दुसऱ्या कोणत्याही पाण्यात जाऊ देऊ नये.